करगोट्यातलं चिनी नाणं

अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या माझ्या खोलीत लोक चिनी नाणी घेऊन येतात आणि तोंड पाडून जातात. मधे चौकोनी भोक असलेलं पितळेचं काही सापडलं, की कुणीतरी सांगतं, देवदत्तकाकांना दाखव. छंद मीच लावून घेतला, तक्रार कुणाकडे करू? पण आता खरंच कंटाळा आलाय. बहुतेक नाणी उल्हासनगरच्या बाजारातली असतात, घरात भरभराट व्हावी म्हणून लाल दोऱ्यात बांधून विकतात ती. "नवं आहे" म्हणायचं, चहा पाजायचा, समजूत काढायची. पडलेले चेहरे बघायचे तरी किती!

त्या रविवारी बदलापूरच्या शिरगावातून विकास आला. सोबत त्याची आई विठाबाई, बायको हर्षदा आणि तिच्या कडेवर बाळ. बाळाच्या काळ्या करगोट्यात एक चिनी नाणं ओवलेलं होतं. विठाबाईंच्या सासऱ्यांना ते बंदरावर एका खलाशाने दिलेलं. तेव्हापासून नजर लागू नये म्हणून घरातल्या प्रत्येक बाळाच्या कमरेला तेच बांधतात.

"काका, आई म्हणते नाणं बदललंय," विकास म्हणाला. "मागे गॅस चालू ठेवून विसरली, आता हे. डोकं चालत नाही हिचं. म्हणून बाळाची अंघोळ हिच्याकडून काढून घेतली. तुम्हीच सांगा जुनं आहे म्हणून, म्हणजे विषय संपेल."

"गॅस इसरले ता खरा हाय," विठाबाई म्हणाल्या. "पन ह्या माजा नाना नाय. माज्या नवऱ्याच्या कमरेला व्हता, ह्या इकासच्या व्हता. पोर पायांवर घेतला का रोज बोटाला लागायचा. पार गुळगुळीत झालेला."

मी करगोटा सोडवून घेतला, भिंग लावलं. जुनं नाणं साच्यात ओतलेलं असतं. कडेला कानस मारल्याचे ओरखडे दिसतात, अक्षरं जराशी वेडीवाकडी असतात, आणि इतकी वर्षं अंगाला घासल्यावर तीही झिजतात. याची कड यंत्राने कापलेली होती, अक्षरं बोटाला टोचत होती. जुनं म्हणालो असतो तर विकास खूश होऊन गेला असता आणि म्हातारी कायमची गप्प बसली असती. मी नेहमीचंच बोललो.

"हे नवं आहे. आई बरोबर बोलतायत."

हर्षदाला रडू फुटलं.

"एक दिवस मी अंघोळ घालत होते. दोरा तुटला, नाणं मोरीच्या जाळीतून गेलं. आई ओरडतील म्हणून उल्हासनगरहून तसलंच आणलं. सांगणार होते मी..."

"कवा?" विठाबाईंनी विचारलं. "सगल्यांनी मला येडी ठरवल्यावर?"

मला वाटलं, आता म्हातारी नाण्यासाठी हळहळणार. पण त्या रडत रडत हसत होत्या. माझ्या खोलीत 'नवं' ऐकून आनंद झालेलं हे पहिलंच माणूस. मलाही फार बरं वाटलं.

"गेला त गेला," असं म्हणत त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हर्षदाने मुकाट्याने बाळ दिलं. त्याला छातीशी धरून त्या विकासकडे वळल्या.

"उद्या अंगोल मीच घालनार. पानी पन मीच तापवनार. गॅस तेवढा तू बंद कर."