मी बिघडलो नव्हतो

मित्रांनो, पेडण्यातल्या एका गोठ्यात गवताच्या भाऱ्यांखाली जो लोखंडी सांगाडा दिसतो, तो मी. तंबूतल्या सिनेमाचा प्रोजेक्टर. कोल्हापूरच्या कारखान्यात माझी जुळणी झाली आणि तंबूवाल्या सगुणशेटनं मला गोव्यात आणलं. जत्रांमागून आमचा तंबू फिरे. पडद्यावर देव आला की बायका हात जोडत, पोरं माझ्या उजेडात बोटांचे ससे नाचवत. मला चालवायचा इनास, कोलवाळचा ख्रिस्ती. स्वतः पाव खायच्या आधी तो मला तेल घाली. माझं सगळं कौतुक त्याच्या हातांचं.

शहाऐंशी साली भाषेवरून भडका उडाला. मराठी की कोंकणी? काल एकमेकांकडे जेवलेले आज बाजू विचारू लागले. ख्रिस्ती म्हटला की तो कोंकणीवाला, असं ठरूनच गेलं. गंमत म्हणजे मराठीसाठी भांडणारेही शिव्या कोंकणीतच देत!

त्याच दिवसांत आम्ही एक मराठी सिनेमा लावला. सरकार कोसळलेल्या शहरात दोन शेजारणी कशा जगतात, त्याची गोष्ट. दंगलीत एक दुसरीच्या तोंडावर दार लावते. शेवटच्या रिळात तेच दार उघडते, असं डिचोलीहून आलेले सांगत. प्रिंट एक, तंबू दोन. डिचोलीचा खेळ आधी लागे आणि तिथं संपलेली रिळं भिकाजी पायलट, म्हणजे मोटरसायकलवर भाडी मारणारा, आमच्याकडे आणी.

त्या संध्याकाळी तो शेवटच्या खेपेला धापा टाकत पायीच आला.

"सगुणशेट, आपल्याच मराठीवाल्यांनी रस्त्यार माड आडवो घातलो. गाडी, रिळाची पेटी, सगळां थंयच रवलां."

पडद्यावर दार बंद झालं. पुढं नुसता पांढरा उजेड. शिट्ट्या सुरू झाल्या.

इनास सगुणशेटला पडद्याकडे लोटत म्हणाला, "सगुण, वच आनी खरें सांग. हांवें सांगल्यार कोण मानता?"

सगुणशेट पडद्यापुढं गेला. पुढच्या बाकड्यांवर त्याचेच भाऊबंद होते, सकाळी मोर्चात घसा फोडलेले. तुमच्याच लोकांनी रस्ता अडवला, हे त्यांना सांगायला त्याची जीभ वळेना.

"मशीन बिघडलां," तो म्हणाला.

मी बिघडलो नव्हतो! माझा दिवा जळत होता, चाकं तयार होती.

"मशीन कोणाच्या हातांत? त्या इनासाच्या!" मागून कुणी ओरडलं.

"मराठी सिनेमा, म्हणान ताका पोटांत दुखता!"

खुर्ची उडाली. मला लागू नये म्हणून इनास आडवा आला आणि त्याची भुवई फाटली. तेव्हा कुठं सगुणशेट बोंबलू लागला, "आपल्याच लोकांनी माड आडवो घातलो, रीळच आलां नाय!" आता कोण ऐकतो? इनास त्याच रात्री तंबू सोडून कोलवाळला गेला.

पुढच्या वर्षी गोव्याचं राज्य झालं, फटाके फुटले. सगुणशेट इनासला बोलवायला कोलवाळला गेला. परत आला तो माझ्या बाजूला बसून बायकोला, शेवंतीला, सांगत होता. इनासनं चहा दिला, माझी चौकशी केली. मग म्हणाला, "तुजेर राग ना, सगुण. पूण लोकांमुखार तूं कितें सांगशी, तें म्हाका आतां कळना."

सगुणशेटच्या शब्दाचा भरवसा उरला नव्हता; इनास आला नाही. नवे चालवणारे माझं रीळ रोज तोडत. तंबू विकला गेला, मी गोठ्यात आलो.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असं मागणार नाही. लोखंड आहे, गंजेन. पण भरल्या गर्दीत तुमचा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत असेल, तर ठाऊक आहे ते तिथंच बोला. सगुणशेटनंही शेवटी खरंच सांगितलं होतं. फक्त खुर्ची उडाल्यावर.