पंपाला अर्थ लागेना

युवराजसाठी शालननं भाकऱ्या थापायला घेतल्या त्या अजून थांबल्या नव्हत्या. पहिली चवड फडताळापर्यंत गेली, दुसरी तुळईला टेकली, आणि आता सोप्यातल्या खिडक्याही भाकऱ्यांच्या मागं गेल्या होत्या. पिठाचा डबा काही रिता होत नव्हता. शालनचा नवरा, आनंदा मिस्त्री, त्या चवडींमधून अंग चोरून बाहेर पडायचा, आणि कुणी विचारलंच तर म्हणायचा, "चाललंय तिचं."

युवराज त्यांचा एकुलता एक. ट्रक घेऊन इंदूरकडे गेला आणि तिकडेच स्टिअरिंगवर मान टाकून गेला. आनंदा आणि शालनचा धाकटा भाऊ रंगराव जाऊन त्याला अग्नी देऊन आले. निघताना शालनला मात्र सगळे सांगतात तेच सांगितलं होतं, सिरियस आहे म्हणून. आईच्या काळजाला तेवढाच दम मिळतो, असा आपल्याकडे समज. त्याच्या पुढचं वाक्य कुणी बोलायचं हे ठरवायचं तेवढं राहून गेलं. सिरियस आहे तर भुकेला येईल, म्हणून शालननं चुलीवर तवा ठेवला.

युवराज गेला त्याच दिवशी ट्रकचं इंजिनही जाम झालं होतं. रंगरावनं ट्रक ओढून कागलला, आनंदाच्या घरामागच्या अंगणात आणला आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन त्यात बसवलं. आता फक्त डिझेलच्या पंपाची वायरिंग उरली होती, आणि गाड्यांची वायरिंग हे तर आनंदाचं पोटापाण्याचं काम.

"दाजी, बॅटरीवरनं डायरेक्ट द्या की," रंगराव म्हणाला.

"डायरेक्ट न्हाई."

"का?"

"जुना पंप इंजिनाच्या अंगावरच हुता. इंजिन थांबलं की त्योबी थांबायचा. ह्यो इजेवरचा. इंजिन मेलं तरी ह्याला कळत न्हाई. गाडी पलटी झाली तरी तापल्या इंजिनावर डिझेल मारत ऱ्हातोय. मग सगळंच पेटतंय."

आतून भाकरीची थाप ऐकू येत होती. रंगराव तिकडे बघत म्हणाला, "मग त्याला सांगायचं कुणी?"

"त्याला स्विच असतोय," आनंदा म्हणाला, आणि पक्कड शोधायला लागला. पक्कड त्याच्या हातातच होती.

त्यानं बॅटरीजवळ फ्यूज घातला, केबिनखाली रिले बसवला. इंजिनात ऑइलचं प्रेशर असेल तोवरच पंपाला करंट जाईल असा स्विच जोडला. सेल मारून इंजिन चालू करताना प्रेशर नसतं, म्हणून तेवढ्यापुरती पंपाला स्टार्टरवरून वेगळी वायर दिली. मग सायलेन्सरपासून लांब, क्लिपा मारत मारत, चेसीच्या कडेनं तो टाकीकडे निघाला. चेसी संपेना. मागची चाकं आली आणि गेली, मागचा दिवा गेला, आणि चेसी अंगण ओलांडून मागच्या दारानं घरात शिरली. उंबऱ्याला घासू नये म्हणून आनंदानं तिथं वायरीला रबर घातलं. कामात त्याचा हात कधी हलका पडला नाही.

टाकी चुलीशेजारी होती. पंप तिथंच घुमत होता, वायर पोचायच्या आधीपासून, आणि त्याच्या घुमण्यावर शालनचे हात परातीत पडत होते. चवडी चारी बाजूंनी पुढं सरकल्या होत्या. चुलीकडच्या भाकऱ्यांच्या कडा करपून लाल झाल्या होत्या. आणखी थोड्या भाकऱ्या झाल्या असत्या तर जाळ लागला असता आणि शालन आत राहिली असती.

"आवं, पाय बगून," ती म्हणाली. "युवराजचं ताट हाय तितं."

"जरा थांबतीस का?"

"थांबून कसं चालंल? सिरियस हाय न्हवं त्यो?"

आनंदानं लाल वायर पंपाला जोडली. काळी उरली. तिला मिस्त्री लोक अर्थ म्हणतात; ती लोखंडाला टेकली नाही तर बाकीची सगळी वायरिंग फुकट. त्यानं टाकीचा रंग खरवडला, तर खाली पीठ निघालं. चेसी खरवडली, तिथंही पीठ. तवा, उलथनं, चुलीची फुंकणी, सगळीकडे वायर टेकवून बघितली. करंट तपासायचा टेस्टलॅम्प पेटेना.

"काय हुडकताय?" शालननं विचारलं.

"अर्थ लागंना."

"कशाचा?"

आनंदानं वायरीचं उघडं टोक स्वतःच्या मुठीत धरलं. टेस्टलॅम्प पेटला. आयुष्यात इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं.

"शालन," तो म्हणाला, "आपला युवराज गेला."

पंप थांबला. शालनचे हात परातीत जिथं होते तिथं राहिले.

"कवा?"

"तवाच."

तिनं तुळईपर्यंत गेलेल्या चवडींकडे बघितलं, एक एक करून, जणू आत्ताच कुणी आणून ठेवल्या असाव्यात.

"मग ह्या कुणासाठी केल्या मी?"

आनंदाला रडू फुटलं. अग्नी देतानाही फुटलं नव्हतं. शालन त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत हळूहळू सगळं येऊन बसलं. तव्यावरची भाकरी टम्म फुगली होती.

"दाजी, झालं न्हवं?" लांब बाहेरून, केबिनमधून, रंगरावची हाक आली. "मारू का सेल?"

नको म्हणायला आनंदानं तोंड उघडलं, पण हुंदक्यात शब्द निघाला नाही. त्यानं वायर सोडायला बघितली. मूठ उघडेना. बाहेर किल्ली फिरली, स्टार्टर गुरगुरला, पंप पुन्हा घुमायला लागला, आणि शालन त्याच्याकडे तशीच बघत असताना तिचे पिठाचे दोन्ही हात वर उचलले गेले.