चेहऱ्यांची चाचणी

ॲडेलिन अकरा वर्षं दुबईतल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होती. तिच्याबद्दल तक्रार एकच यायची, ही बाई ओळख दाखवत नाही. दर महिन्याला उतरणाऱ्या बिलकीस मॅडम मार्चमध्ये केस बारीक कापून आल्या. घसाही बसलेला. ॲडेलिनने हसून विचारलं, "पहिल्यांदाच येताय का?" मॅनेजरने लेखी ताकीद दिली.

वसईला शाळेतही तिला शिष्टच म्हणायचे. ती माणसं आवाजावरून, चालीवरून ओळखायची. सगळेच तसं करतात, आपणच त्यात कच्चे, असं तिला वाटे.

अबू धाबीतल्या एका विद्यापीठाला चेहऱ्यांच्या अभ्यासासाठी लोक हवे होते. सुट्टीच्या दिवशी नवरा डॅरिल तिला घेऊन गेला. समिधा नावाच्या संशोधक मुलीने स्क्रीनवर केस झाकलेले चेहरे दाखवले.

"हा कोण?"

"माहीत नाही. असेल कुणी गेस्ट."

तो डॅरिल होता; समिधाने त्याचा फोटो आधीच मागवून घेतला होता.

"तुमची नजर चांगली आहे, स्मरणशक्तीही," समिधा नंतर म्हणाली. "मेंदूचे जे भाग चेहरे ओळखतात, ते तुमच्यात जन्मापासून वेगळं काम करतात. शंभरात एखाद-दुसऱ्याचं असं असतं. पुष्कळदा घराण्यात चालतं."

ॲडेलिनला एकदम रडू आलं. आपण शिष्ट नव्हतो.

गाडीत डॅरिल म्हणाला, "सतरा वर्षं झाली लग्नाला. मी गेस्ट?"

"तू नुसता खाकरलास तरी मी ओळखते."

"ते वेगळं." त्याने रेडिओ लावला, तो अजमानला घर येईपर्यंत.

ॲडेलिनने मॅनेजरला रिपोर्ट दाखवला. त्याने तिला फोन बुकिंगवर बसवलं. तिथे पहिल्या 'हॅलो'लाच ती गेस्टचं नाव सांगू लागली.

पण समिधाचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. ॲडेलिन-डॅरिलची लेक जॅकलीन सातवीत होती, आणि ती कुणात मिसळत नाही असं टीचर नेहमी म्हणायच्या. एका संध्याकाळी ॲडेलिनने तिला जवळ बसवलं.

"वर्गातल्या मुली तुला चेहऱ्यावरून ओळखता येतात?"

"नो, मम्मा. दे ऑल लुक द सेम." जॅकलीनने खांदे उडवले. "इजन्ट इट लाइक दॅट फॉर एव्हरीवन?"

इस्त्री करणारा डॅरिल थांबला. इस्त्री बंद करून तो लेकीशेजारी येऊन बसला.

"उद्या मी हाफ डे टाकतो," तो ॲडेलिनला म्हणाला. "टीचरना भेटू. तू सांग, तुला नीट सांगता येईल."