जाखूच्या चढावरची बाबागाडी

मित्रांनो, जुळे सोलापुरातल्या एका घरात, जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीशेजारी जी निळी गाडी उभी दिसते ना, ती मी. माझं कापड उन्हानं विटलं आहे, पुढचं एक चाक कुरकुरतं आणि दांडीला अजून एक बिब्बा लटकतो आहे. मी जुनी बाबागाडी. तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखीतच बसून पहिल्यांदा घराबाहेर पडले असतील. तुम्हाला ते आठवत नसेल, आम्हाला आठवतं.

मी कुठल्या कारखान्यात तयार झाले ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते नवी पेठेतलं दुकान. तिथं मला छताला उलटं टांगलं होतं, त्यामुळे सगळी गिऱ्हाइकं मला डोक्यावर चालताना दिसत. एके दिवशी अभिमन्यू नावाचा एक तरुण आला. त्याचा मुलगा वेळेआधीच जन्माला आला होता आणि अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. तरी त्यानं मला विकत घेतलं. गाडी आणली म्हणजे तिच्यात बसणारा येणारच, असं त्याला वाटलं असावं.

घरी पाऊल टाकताच त्याची आई, तानाबाई, कडाडल्या, "आरं, लेकरू घरात न्हाय आन् गाडी आदी आणलीस? दृष्ट लागती की!"

"आई, आता दुकानदार परत घेत नाही."

तानाबाईंनी काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवला आणि माझ्या दांडीला बांधला. बाळाच्या आधी माझी दृष्ट निघाली.

त्याच दिवसांत तानाबाईंनी एक नवस बोलून ठेवला होता. दवाखान्याच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर डोंगर, डोंगरावर उंच झाडं आणि झाडांच्याही वर डोकं काढून उभा असलेला शेंदरी मारुती. तानाबाई त्याच्यापुढे हात जोडून म्हणाल्या, "लेकराला पेटीतनं भाईर काढ. त्येला घिऊन तुज्या डोंगरावर मी माज्या पायानं चढून यीन." मंद्रूपच्या माळावर जन्मभर मेंढरांमागं चाललेली बाई. चालण्याचं तिला काय वाटणार? आणि डोंगर फार तर तुळजापूरच्या अलीकडं-पलीकडं असेल!

बाळ घरी आलं. त्याचं नाव माउली ठेवलं. माउलीची आई रेश्मा कॉलेजात शिकलेली, पण धास्ती तिच्या डोळ्यांतून कधी हलली नाही. मला बाहेर काढलं की ती आधी चाकं बघायची, मग पट्टा, मग ब्रेक, आणि ब्रेक लागला आहे हे दिसत असूनही पायानं पुन्हा दाबायची. शेजारच्या गोजरबाई कट्ट्यावरून हसायच्या, "अगं, बाबागाडी हाय का उडतं इमान?" रेश्मा हसून पुढे जायची. मला मात्र तिचा कधी कंटाळा आला नाही. जिच्या भरवशावर कुणी आपलं मूल ठेवतं, तिला असं तपासून घेतलेलं बरंच वाटतं.

माउली बाळसं धरू लागला तेव्हा अभिमन्यूनं दवाखान्यातून ते कॅलेंडर मागून आणलं आणि खालची बारीक अक्षरं वाचली.

"आई, हा जाखूचा मारुती आहे. शिमल्याचा. पार हिमालयात!"

"मग? कुटं का असंना. त्यानं काम केलं का न्हाय आपलं?"

"आपल्या गावातल्या मारुतीला नारळ देऊ की."

"मागितलं ह्येला आन् देऊ त्येला? त्यो मारुती काय म्हनंल?"

तोवर तानाबाईंचा गुडघा धरला होता. जिना चढताना त्या कठड्याला घट्ट धरत आणि कुणी बघतंय असं दिसलं की हात चटकन काढून घेत. पण नवस तो नवस. अशा रीतीनं मी घडी होऊन रेल्वेच्या बाकाखाली शिरले आणि थेट शिमल्याला बाहेर आले.

मित्रांनो, मी सपाट सोलापूरची गाडी. चढ म्हणजे मला रेल्वेचा पूल माहीत. जाखूचा रस्ता बघून माझी चाकंच गार पडली. चर्चच्या चौकातून तो जो वर जातो, तो थेट आभाळात घुसल्यासारखा. खालच्या घराचं छप्पर वरच्या घराच्या उंबऱ्याला लागलेलं. हौसेनं निघालेले पर्यटक जरा वर गेले की कमरेवर हात ठेवून फोटो काढायच्या निमित्तानं थांबत होते. वरच्या झाडांतून शेंदरी मारुती दिसत होता, अगदी कॅलेंडरातल्यासारखा.

तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यातून वर जायची सोय होती. तानाबाई तिकडे बघायलाही तयार नव्हत्या. रेश्मानं हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. माकडं हाकायला काठ्या भाड्यानं देणारा दुकानदार म्हणाला, "माताजी, लाठी ले लो." त्यावर तानाबाई म्हणाल्या, "काठी मेंढरासाठी असती, माज्यासाठी न्हाय." दुकानदाराला काही कळलं नाही, पण त्यानं काठी मागे घेतली.

"माज्या नातवाची गाडी मी ढकलनार," असं म्हणून त्यांनी माझी दांडी धरली. आत माउली, डोक्यावर दोन टोप्या घातलेला. रेश्मानं ब्रेक दाबून पाहिला, पट्टा ओढून पाहिला, आणि आपल्या ओढणीचं एक टोक माझ्या सांगाड्याला नि दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधलं. तानाबाईंनी ते पाहिलं.

अर्धा रस्ता बरा गेला. तानाबाईंचा भार माझ्या दांडीवर वाढत चालला होता. तो मला कळत होता, दुसऱ्या कुणाला नाही. एका वळणावर त्यांनी घाम पुसायला एक हात सोडला आणि त्यांचा गुडघा लटपटला. मी मागे घसरले. माउली खिदळला. रेश्मानं ओढणी इतक्या जोरात खेचली की तिच्या मनगटावर वळ उठला. मी थांबले. क्षणभरात तिनं ब्रेक दाबला, ओढणी सोडवली आणि माउलीला उचलून तिनंच पाठीशी बांधलं.

तानाबाईंचा चेहरा उतरला. "भरवसा न्हाय, असं म्हन की."

"तसं नाही, आत्या…"

"तसंच हाय." त्या कडेच्या कठड्यावर बसल्या. "जावा तुमी. मी हितंच बसते. न्हाय फिटला नवस तर न्हाय फिटला."

मी रिकामी उभी होते. मला ओझं कमी झाल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

तेवढ्यात झाडावरून एक दांडगं माकड उतरलं आणि सरळ माझ्यात येऊन बसलं. हो, मित्रांनो! माउलीच्या जागी, ऐटीत पाय सोडून. खालच्या कप्प्यातून त्यानं शेंगाचटणीची पुडी काढली, फाडली, मूठभर तोंडात कोंबली आणि त्याचे डोळे गरगरले.

"हुर्रर्र!" तानाबाई ताडकन उठल्या. मंद्रूपच्या माळावर घुमणारी ती हाक शिमल्यात घुमली. "ऊठ मुडद्या! माज्या नातवाची जागा हाय ती!" माकड शिंकत पळालं. तानाबाईंनी माझी दांडी दोन्ही हातांनी धरली होती.

रेश्मानं ते हात पाहिले. दांडीवर पडलेला त्यांचा भारही तिनं पाहिला असावा, कारण तिची नजर माझ्या चाकांपर्यंत आली. अभिमन्यू म्हणाला, "आण, घडी घालून मी खांद्यावर घेतो."

रेश्मानं त्याच्या पायावर पाय दिला. "तुमची कंबर धरलीय ना कालपासून?"

"माझी? छे! …हां, धरलीय की. फारच."

"आणि माझ्या पाठीवर हा आहे," ती सासूकडे वळली. "गाडी इथं सोडली तर माकडं वाट लावतील. आता कसं करायचं, आत्या?"

"येवडा घोड्यासारखा गडी आन् कंबर धरली म्हनं," तानाबाई पुटपुटल्या. "सरका बाजूला."

रेश्मानं पाण्याच्या बाटल्या, नारळ आणि जाड चादर माझ्यात अशी नीट बसवली की मी मागे कलंडू नये. ओढणी आता माउलीला बांधण्यात गुंतली होती. ती एक पाऊल मागून चालत राहिली, दोन्ही हात मोकळे ठेवून, पण आत्यांना न शिवता. आम्ही थांबत थांबत गेलो. प्रत्येक वेळी थांबायचं कारण एकच, गाडीला जरा विसावा. मी जराही दमले नव्हते, तरी सगळं माझ्यावर घेतलं.

वर पोचल्यावर तानाबाईंनी मला एका झाडाला टेकवलं. माउलीला घेऊन त्या मारुतीच्या पायांशी बसल्या. बराच वेळ त्या तिथून उठल्या नाहीत. उतरताना मात्र त्या मिश्कीलपणे म्हणाल्या, "अभ्याची कंबर बरी झाली का गं, रेश्मे?"

"झाली की, आत्या. मारुतीच पावला."

दोघी हसल्या. रेश्माला मी असं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

आता माउली बालवाडीत जातो. माझ्यात तो मावत नाही, तरी कधी कधी बसून पाहतो. घरात एकदा मला भंगारात द्यायचं निघालं होतं. "आसू द्या की," तानाबाई म्हणाल्या, "बसून ऱ्हायली तर गंज चढंल तिला. मी फिरवून आनत जाईन."

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघी भाजी आणायला जातो. जाताना मी रिकामी, येताना माझ्यात मेथी, वांगी. गोजरबाई कट्ट्यावरून विचारतात, "तानाबाई, आज कुनाला फिरवताय?"

"हिलाच की! जुनी झाली बिचारी. घरात बसून तिचे सांधे धरत्यात."

आणि संध्याकाळी, कुणी बघत नसताना, रेश्मा जिन्याखाली येते. चाकांना तेल सोडते. ब्रेक दाबते. लागलेला असला तरी पुन्हा दाबते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही जुनं पडलं असेल, तर त्याला तेलपाणी करा. आणि मोडीत काढायच्या आधी नीट बघा, कुणी त्याला धरून चालतंय का. बघा, पण विचारू नका.