निळ्या रेकॉर्डमधल्या घंट्या

एकहार्टने गुडघ्यांवर बसून डावा स्पीकर भिंतीपासून पुढे ओढला, मागची वायर उपसली आणि पुन्हा घट्ट बसवली. मग उठून त्याने सुई अलगद मागे नेऊन ठेवली आणि तो खोलीच्या मधोमध उभा राहिला.

बर्लिनमध्ये रविवारची दुपार कलली होती. मुलं लहान असताना तळघरात गेलेल्या रेकॉर्ड त्याने निवृत्तीनंतर वर आणून एकेक करून पुसल्या होत्या. त्यांच्या कव्हरांना अजून ओलसर पुठ्ठ्याचा वास होता. जुना ॲम्प्लिफायरही कालच दुकानातून दुरुस्त होऊन आला होता. आता ही निळी रेकॉर्ड फिरू लागली तशी खर्जातली गुणगुण जमिनीतून वर आली, त्यावर सिंथेसायझरच्या लाटा एकमेकींत विरत गेल्या आणि सगळी खोलीच किनारा सोडून हळूच निघाल्यासारखी वाटली.

पण घंट्या नव्हत्या.

“रोस्वीथा!” त्याने बायकोला हाक मारली. “स्पीकर गेलेत बहुतेक. दोन्ही.”

“सुटले एकदाची!” स्वयंपाकघरातून उत्तर आलं. हात पुसत ती दारात येऊन उभी राहिली. “काय बिघडलंय? फ्रिज तर नेहमीसारखाच गातोय.”

लग्न झाल्यापासून ती या संगीताला फ्रिजचं गाणं म्हणत आली होती.

“थट्टा नको गं. इथे बारीक घंट्या वाजायच्या. त्यांच्यासाठीच तर घेतली होती ही मी.”

तेवढ्यात त्या वाजल्या. पाण्यावर ऊन चमकावं तशा, लखलखीत आणि टोकदार. रोस्वीथाचा हात नकळत कानावर गेला.

“अरे, जरा हळू...” ती म्हणाली आणि थांबली.

एकहार्ट मान तिरकी करून अजून वाटच पाहत होता.

“बघितलंस? नाहीतच! उद्या त्या दुकानदाराला चांगला फैलावर घेतो.”

तिने हात हळूच खाली आणला. गेल्या महिन्यात तिची बहीण जिन्यात दारावरची बेल वाजवत ताटकळली होती आणि हा आत निवांत पेपर वाचत बसला होता. मुद्दाम केलंस म्हणून रोस्वीथा त्याला नको नको ते बोलली होती.

“दुकानदाराला काही बोलू नकोस,” ती म्हणाली.

“का बरं?”

“सुई मागे घे आणि इथे माझ्याजवळ येऊन बस.”

तो सोफ्यावर बसला. तिने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला, तळवा उलगडला. खर्ज आला, लाटा आल्या. मग तिचं बोट त्याच्या तळव्यावर टेकलं. पुन्हा टेकलं. दोनदा झटपट, मग थांबून एकदा, आणि मग मनगटापर्यंत धावत गेलेली एक लांबलचक ओळ.

एकहार्टने स्पीकरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बराच वेळ पाहिलं. त्याची बोटं आत वळू लागली, तळवा मिटतोय असं वाटलं. मग त्याने तो सावकाश सैल सोडला आणि डोळे मिटले.

“अजून आहेत?”

“पुष्कळ आहेत. हलू नकोस, माझं चुकतं.”

तो हलला नाही.