आवाज शून्यावर

जुना हेडफोन आहे मी, मित्रांनो. तेवीस नंबरचा. हेग शहरात, वाळूच्या टेकड्यांना लागून, जगातल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचं एक कोर्ट आहे. तिथं कुणीही येऊन खटला बघू शकतं. मधे जाड काच. पलीकडे न्यायाधीश, वकील, आरोपी. त्यांचे ओठ हलताना दिसतात, पण आवाज आमच्यातूनच येतो. आम्ही नसलो तर काचेच्या टाकीतले मासे बघितल्यासारखं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कुणीतरी कानाला लावून "एक, दोन, तीन" म्हणालं आणि खोक्यात टाकलं. नवा होतो तेव्हा माझा स्पंज इतका मऊ होता की लोक उगाच बोट फिरवायचे.

अकरा वर्षं मी माणसांच्या कानांवर काढली. शाळेची पोरं म्हणायची, "हे पिक्चरसारखं नाहीच! कुणी ओरडत पण नाही." एक म्हातारे दर गुरुवारी सायकलवरून यायचे. बाहेर पडताना ठरलेलं वाक्य, "आपल्या टॅक्सचा पैसा, आणि हे दिवसभर कागद वाचतात!" पुढच्या गुरुवारी परत हजर. कुणी म्हणायचं बडे सुटतात, छोटे अडकतात. एक मुलगी रडत म्हणाली होती, "निदान कुणीतरी लिहून तरी घेतंय." मला स्वतःचं मत नाही. मला फक्त आवाज आहे.

आमची देखभाल वीबे करायचा. उंच, वक्तशीर रखवालदार. खिशात कायम खारट काळ्या गोळ्या, त्या मुलखात सगळ्यांच्या आवडत्या. परदेशी पाहुण्यांना आग्रह करायचा. रिसेप्शनवरची शाउक्या ओरडायची, "वीबे, नको देऊस रे! मागच्याने कुंडीत थुंकली."

एकदा एक शाळकरी मुलगी माझ्या मोठ्या आवाजाने दचकली. तिच्या आईने तक्रारीचं पत्र लिहिलं. तेव्हापासून गॅलरी रिकामी झाली की वीबे आम्हाला पुसायचा आणि प्रत्येकाचं आवाजाचं बटण शून्यावर फिरवायचा. एकही चुकवायचा नाही. लोक परत बसले की सांगायचा, "बटण उजवीकडे फिरवा."

मग ती आली. लामवाका. सत्तरीची. आफ्रिकेतल्या तिच्या गावावर हल्ला झाला होता, त्याचाच हा खटला. आता ती लेकीकडे, याच देशातल्या आल्मेलो गावात राहायची. हल्ल्यात मारल्या गेलेल्यांची नावं त्या दिवशी कोर्टात वाचणार होते. त्यात तिचा मुलगा होता.

"आज नावं वाचणार ना, दादा?"

"हो बाई. आत बोलायचं नाही, उभं राहायचं नाही, हात हलवायचा नाही."

"आणि रडायचं?"

"रडलं तर चालतं. आवाज न करता."

"बावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "घरात त्याचं नाव काढलं की लेक उठून जाते. कुणीतरी मोठ्याने घेतलेलं ऐकायचंय मला."

वीबेनेच मला तिच्या कानाला लावलं, तिच्या भाषेवर आणलं, आवाज जुळवला. मला बटण आहे हे तिला कळलंच नाही.

थोड्या वेळाने एका साक्षीदाराचं गुप्त बोलणं होतं. काचेवर पडदा पडला, सगळे बाहेर. वीबेने मला पुसलं. शून्यावर फिरवलं.

लोक परतले तेव्हा नेमकी चाळीस कॉलेजची पोरं आली. त्यांना बसवता बसवता वीबे ते एक वाक्य सांगायचं विसरला.

तिने मला परत कानाला लावलं. पडदा वर गेला. नावं सुरू झाली. सतरावं तिच्या मुलाचं होतं. मित्रांनो, ते नाव माझ्या तारेतून आलं हो! बटणापाशी आलं आणि थांबलं. मी काय करणार? तिला वाटलं, पडदा उघडला तरी आवाज अजून गुप्तच ठेवलाय. विचारायची बंदी. हात मांडीवर ठेवून ती नुसती ओठ बघत राहिली.

बाहेर येऊन तिने मला परत दिलं. "दादा, नावं कधी वाचणार?"

"बाई, झाली की वाचून."

"नाही. मला काहीच ऐकू नाही आलं."

वीबेने मला उलटं केलं. बटण बघितलं. शाउक्या हळूच म्हणाली, "सांग ना, मशीन बिघडलं होतं म्हणून."

"मशीन चांगलंय," वीबे म्हणाला. "मी बंद केलं होतं, बाई. चूक माझी. लेखी यादी मिळेल, मी काढून..."

"मला वाचता येत नाही. मला ऐकायचं होतं."

ती बाकावर बसली. मग वीबे तिच्यासमोर ताठ उभा राहिला. "नाव काय त्याचं?"

तिने सांगितलं. त्याने मोठ्याने म्हटलं. चुकलं. तिने मान हलवली. "असं नाही. मधलं लांबव." परत चुकलं. कॉलेजची पोरं वळून बघू लागली. तिसऱ्यांदा त्याने इतक्या मोठ्याने म्हटलं की काचा वाजल्या.

"हां," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांचा होता."

वीबेने तेही जोडून म्हटलं. मग ती रडली, आवाज करून. त्याने दिलेली गोळी तोंडात टाकून म्हणाली, "हे काय औषध आहे?" पण थुंकली नाही.

आता माझा स्पंज फाटलाय. नवे आले, मी तळघरातल्या खोक्यात. मला जपा, असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो, कुणाच्या कानाला काही लावून दिलंत तर एकदा विचारा, ऐकू येतंय का?

एक नाव माझ्याकडून पोचवायचं राहिलं होतं. ते देतो.

ओपीरा. वय एकोणीस.

आलं ना ऐकू?