दाराकडचा कान

लातुरात त्या वर्षांत ज्याच्याकडे फळा होता तो क्लास काढीत होता आणि ज्याच्याकडे फळा नव्हता तो क्लासच्या मुलांसाठी खानावळ काढीत होता. आलोक कौठेकर नांदेडहून आला तेव्हा त्याच्याकडे ना फळा होता ना पातेले. भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी, एक बऱ्यापैकी मायक्रोफोन आणि ध्वनी या विषयावरची न हलणारी मते, एवढेच त्याचे भांडवल.

नांदेडच्या एका दैनिकात तो दर रविवारी ‘खिशातले संगीत’ हे सदर लिहीत असे. कोणता नवा एमपीथ्री प्लेयर बाजारात आला, कोणत्या इयरफोनला डग्गा पेलतो, पिनेला सोन्याचा मुलामा दिल्याने गाणे गोड होते हा दुकानदारांचा दावा किती पोकळ आहे, असा तो मजकूर. सदर नेमाने वाचणारा माणूस एकच होता, त्याचे वडील रेणुकादास. आणि तेही मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यासाठी. दुसरा वाचक अपघाताने मिळाला. लातूरच्या दयानंद सरांनी नांदेडच्या स्टँडवर भजी घेतली, ती त्या सदरात बांधलेली निघाली, आणि भजी संपल्यावरही सरांनी कागद टाकून दिला नाही.

दयानंद सर चाकूर तालुक्यातल्या शेतकरी घरातले. औसा रोडवर त्यांचा क्लास होता आणि क्लासच्या मागे मुलींचे वसतिगृह. वसतिगृहात सगळ्याच मुली किल्लारी आणि आसपासच्या गावांमधल्या.

“कौठेकर,” पहिल्याच भेटीत सर म्हणाले, “पोरी दिवसभर कानात बोंडं घालून गाणी ऐकायल्यात. मी म्हन्लं, बोंडं तीच ठेवू. आतलं गाणं तेवढं बदलू.”

“म्हणजे तुमचे तास ध्वनिमुद्रित करायचे?”

“हाव. एक महिना देतो. हॉस्टेलच्या पोरींवर करून बघा. घटक चाचणीत गुण वाढले तर तुमाला रेकॉर्डिंगची खोली देतो आन् कायमची नोकरी. न्हाई वाढले तर नांदेड काय लांब न्हाई.”

नांदेड खरोखरच लांब नव्हते. तिथे रेणुकादासांनी मुलाचे नाव बँकेच्या परीक्षांच्या क्लासात घालून ठेवले होते. “तू तिकडे दुसऱ्याच्या क्लासात आवाज भर, मी इकडे तुझी जागा धरून ठेवतो,” असे ते फोनवर अत्यंत प्रेमाने म्हणाले. उरलेले आयुष्य टोकनाचा नंबर पुकारणाऱ्या भोंग्याखाली काढायचे, ही कल्पना आलोकला सोसवेना.

त्यामुळे तो कामाला लागला, आणि नुसता लागला नाही, तर त्याने त्यात अक्कल घातली. माणसाला निसर्गाने दोन कान दिले असून बहुतेक शिक्षक त्यांतला एक वाया घालवतात, असे त्याचे निरीक्षण होते. म्हणून त्याने स्टिरिओचा उपयोग करायचे ठरवले. दयानंद सर प्रश्न विचारतील, ते केवळ डाव्या कानात. सरांच्या पत्नी, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या विशाखा मॅडम, उत्तर देतील, ते केवळ उजव्या कानात. ऐकणाऱ्या मुलीला वाटेल की एका बाजूला सर बसले आहेत, दुसऱ्या बाजूला मॅडम, आणि मधोमध आपण.

“प्रश्न विचारायचे यांनी आणि उत्तरं द्यायची मी,” विशाखा मॅडम मायक्रोफोनसमोर बसता बसता म्हणाल्या. “आमच्या घरी तरी वेगळं काय चालतं? फक्त तिथं रेकॉर्डिंग होत नाही, एवढं बरं.”

ध्वनिमुद्रण उत्तम झाले. प्रत्येक मुलीला एकेक प्लेयर मिळाला. महिनाभर वसतिगृहातून गाण्याची एक लकेरही ऐकू आली नाही, आणि आलोकने रविवारच्या सदरात, क्लासचे नाव न घेता, ‘शिक्षणाचे दोन कान’ या विषयावर चार कौतुकाचे शब्द स्वतःलाच उद्देशून लिहिले.

घटक चाचणीत वसतिगृहाच्या मुलींचे गुण विहिरीत पोहरा सुटावा तसे खाली गेले.

नुसते खाली गेले असते तर आलोकने नशिबाला नसले तरी अभ्यासक्रमाला बोल लावला असता. पण ते फार चमत्कारिक रीतीने खाली गेले होते. काही उत्तरपत्रिका जवळजवळ कोऱ्या होत्या. उरलेल्यांमध्ये उत्तरे भरभरून आणि आत्मविश्वासाने लिहिलेली होती, फक्त ती भलत्याच प्रश्नांची होती. ‘मुक्तिवेग म्हणजे काय?’ या प्रश्नापुढे एकीने सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘अगदी बरोबर, म्हणूनच ती पाण्यावर तरंगते.’

“ही पोरगी नापास झाली का कविता करायली?” सरांनी विचारले.

आलोकला पहिला संशय यंत्रांचा आला. विशाखा मॅडमच्या ओळखीने एका कॉलेजातून ऑसिलोस्कोप, म्हणजे आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारे यंत्र, आणून त्याने प्रत्येक प्लेयर तपासला. दोन्ही बाजूंनी आवाज ठणठणीत निघत होता. दुसरा संशय इयरफोनचा; तोही निर्दोष सुटला. उरला मुलींचा. तेव्हा उत्तरपत्रिका स्वतःच्या हाताने परत कराव्यात, आणि करता करता काय कळते ते पाहावे, म्हणून तो वसतिगृहाच्या देखरेखीला असलेल्या गंगम्मामावशींना बरोबर घेऊन निघाला.

वसतिगृहाची ओसरी पूर्व-पश्चिम अशी सरळ गेलेली, दोन्ही अंगांना खोल्या. उत्तरेच्या अंगाची पहिली खोली: उत्तरपत्रिका कोऱ्या. समोर दक्षिणेच्या अंगाची खोली: उत्तरे भरगच्च, सगळी चूक. पुढची खोली उत्तरेला: कोऱ्या. तिच्या समोर: भरगच्च. शेवटच्या खोलीपर्यंत हा क्रम मोडला नाही. आलोक थांबला. निसर्ग इतका शिस्तशीर नसतो, हे त्याला ठाऊक होते. त्याच्यामागे कोणीतरी माणूस असावा लागतो.

“मावशी, खोल्या देताना मुलींची काही निवड केली होती का?”

“न्हाई बा. जशा आल्या तशा भरल्या. निवडायला त्या काय तूर हायत?”

उत्तरेच्या अंगाच्या शेवटच्या खोलीचे दार उघडे होते. आत ऋतुजा नावाची किल्लारीची मुलगी पूर्वेकडे तोंड करून अभ्यासाला बसली होती. इयरफोनचे एक बोंड तिच्या डाव्या कानात होते. दुसरे खांद्यावरून लोंबत होते.

“दुसरं का नाही घातलंस?” आलोकने उंबऱ्यावरूनच विचारले.

“तो दाराकडचा कान हाय, सर.”

“बरं. मग?”

“दाराकडचा मोकळाच ठिवायचा असतोय.” ताटात डावीकडे मीठ वाढायचे असते, हे जितक्या सहजतेने सांगावे, तितक्या सहजतेने तिने हे सांगितले. “भूकंपापासनं आमच्याकडं तसंच हाय. मी तवा लई लहान होते, मला कायच आठवत न्हाई. पण आईनं शपथ घातलीय. निजताना दाराकडचा कान उशीवर टेकवायचा न्हाई, आन् कानात काय घालायचं तर आतल्या अंगाच्या कानात.”

“सगळ्याच मुली असं करतात?”

“आमच्या भागातल्या समद्याच.”

“आणि हे पूर्वेला तोंड कशासाठी?”

“अभ्यासाला तिकडंच तोंड करून बसतेत की! तुमी न्हाई बसत?”

आलोक बसत नसे. दिशांचा आणि बुद्धीचा संबंध त्याने सदरातून एकदा खोडूनही काढला होता. पण आत्ता तो ओसरीत मधोमध उभा राहिला, पूर्वेला तोंड केले आणि दोन्ही हात पसरले. उत्तरेकडच्या खोलीत बसलेल्या मुलीच्या उजव्या हाताला दार. म्हणजे उजवा कान मोकळा आणि इयरफोन डाव्यात: तिला महिनाभर नुसते प्रश्न ऐकू आले. दक्षिणेकडच्या खोलीत नेमके उलट: नुसती उत्तरे. गंगम्मामावशींनी हात पसरून उभ्या राहिलेल्या या माणसाकडे काळजीने पाहिले.

“अगं, पण तुम्हाला नुसते प्रश्नच ऐकू येत होते, तर सांगितलं का नाही?”

“आमाला वाटलं, आमची हुशार बॅच हाय,” ऋतुजा म्हणाली. “म्हणून नुसते प्रश्न दिलेत. उत्तरं आमची आमी काढायची.”

समोरच्या खोलीतून महादेवी नावाच्या मुलीने मान बाहेर काढली. “आन् आमाला वाटलं, आमाला ढ समजून तयार उत्तरं दिलीत! मी तर घरी सांगितलं बी न्हाई लाजंनं.”

दयानंद सरांनी सगळे ऐकून घेतले आणि टेबलावर थाप मारली. त्यांना अडचण कळण्याआधी तोड सुचत असे, आणि म्हणूनच त्यांचा क्लास चालत असे.

“सोपं हाय. रविवारी पालकांची बैठक हाय. तुमी सायन्सवाले, स्टेजवर उभं राहून सांगा की ही अंधश्रद्धा हाय. पोरींनी दोनी कानात घालावं. एवढं बोललात की खोली तुमची.”

“दोन्ही आवाज दोन्ही कानांत घालून पुन्हा ध्वनिमुद्रण करता येईल, सर.”

“आन् लोकांला काय सांगू? क्लास चुकला म्हणून? समोरच्या क्लासवाल्याला आयतंच मिळंल. चुकल्या तर पोरींच्या आया चुकल्या. त्यांची काय जाहिरात नसती.”

आलोकला हे मान्य करायला जड गेले नाही. खरे सांगायचे तर तो मनातून सुखावला. भूकंप कानाने ओळखून टाळता येतो, असे कोणत्याही पुस्तकात नव्हते, आणि शपथा घालणाऱ्या लोकांविषयी त्याचे मत पूर्वीपासूनच फारसे चांगले नव्हते. शिवाय नोकरी आणि सत्य एकाच बाकावर शेजारी बसलेली सापडण्याचा योग आयुष्यात वारंवार येत नाही.

त्याला नडली ती फक्त सवय. मुलाम्याच्या पिनेविषयी लिहितानाही त्याने आधी पिना आणून ऐकून पाहिल्या होत्या. न तपासता बोलायचे कसे? म्हणून शनिवारी दुपारी त्याने मुलींना आपापल्या जागी अभ्यासाला बसवले आणि गंगम्मामावशींना ओसरीतून हाका मारायला सांगितले, कधी हळू, कधी मोठ्याने, कोणत्या क्षणी ते न सांगता. आधी एक कान मोकळा ठेवून आणि मग दोन्ही बुजवून. कान मोकळा होता तेव्हा मुली जवळजवळ प्रत्येक हाकेला उठून आल्या. दोन्ही कानांत सर आणि मॅडम बोलू लागले, तेव्हा मावशी बिचाऱ्या घसा फोडून दमल्या, आणि बाहेर आले ते फक्त शेजारच्या बंगल्यातले कुत्रे.

निकाल निःसंदिग्ध होता, आणि नेमका चुकीच्या बाजूचा होता.

रविवारी मंडपात पालक बसले होते. पुरुष पुढे, बायका मागे, आणि सर मध्ये, हारासकट. “आता आपले सायंटिस्ट कौठेकर सर दोन शब्द सांगतील,” असे म्हणून त्यांनी माईक आलोकच्या हातात दिला. आलोकने मुलींच्या एका कानाची हकीकत सांगितली, शब्द जपून. मग तो थांबला. नेमकी तेव्हाच मागच्या रांगेतून एक बाई उठली. ती ऋतुजाची आई, केवळाबाई.

“सर, आमी काय येड्या न्हाई. जमीन हाक मारून येत न्हाई, ते आमाला बी ठाव हाय.” ती शांतपणे बोलत होती. “त्या राती माझ्या सासूनं हाक मारली. दारातनं. ज्यांनी ऐकली, ते भाईर आले. ही पोर माझ्या काखंत होती. एवढंच हाय बघा. आता तुमी सांगा, मोडायची का शपथ?”

सरांनी आलोककडे पाहून मान डोलावली: बोला. आलोकच्या डोळ्यांपुढून नांदेडची बँक तिच्या भोंग्यासकट सरकून गेली.

“मोडू नका,” तो म्हणाला. “मी काल तपासून पाहिलं. दोन्ही कान बुजवले की दारातली हाक ऐकू येत नाही. तुमच्या शपथेत मला चूक सापडली नाही. चूक माझ्या ध्वनिमुद्रणात आहे. प्रश्न एका कानात आणि उत्तर दुसऱ्या कानात घालायची कल्पना माझी होती. मुलींचे गुण त्यामुळे गेले. सगळे तास मी पुन्हा करीन, एका कानाला पुरतील असे.”

दयानंद सरांनी त्याच्या हातातून माईक घेतला. घेताना त्यांचा चेहरा लोखंडासारखा होता. तो तोंडाजवळ नेईपर्यंत त्यावर हसू आलेले होते.

“ऐकलं का?” ते गरजले. “साऱ्या लातुरात असा क्लास दावा, जो तुमच्या लेकरांचा एकच कान मागतो! दुसरा कान तुमचा, घरचा! हे आमीच देऊ शकतो!”

टाळ्या वाजल्या. पुरुषांनी वाजवल्या त्या सवयीने, मागच्या रांगांनी वाजवल्या त्या मनापासून.

बैठकीनंतर ऑफिसात मात्र सरांचे हसू मावळले होते. हार काढून त्यांनी खुंटीला लावला.

“लोकांत माझं नाक कापलात, कौठेकर.”

“हो, सर.”

“नवीन रेकॉर्डिंग करायचं म्हंजे काय काय लागंल?”

आलोकने सांगितले. काम फार नाही. दोन्ही आवाज एकत्र करायचे, मोनो. त्याची फाइल निम्म्या जागेत मावते, आवाजाला काही तोटा नाही. हे त्याने तांत्रिक तपशील म्हणून सांगितले, त्यामागे काही डाव नव्हता.

सर खुर्चीत पुढे सरकले. “निम्म्या जागंत? म्हंजे त्याच डब्बीत दुप्पट तास बसतेत?”

“गणिताने बसतात.”

“मग आधी का बोलला न्हाईत, भल्या माणसा!” सर उठून उभे राहिले आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकला. “मागची खोली. फळ्या, गाद्या, काय ते भिंतींना लावून घ्या. आन् वडलांना कळवा, तुमची जागा दुसऱ्याला देऊन टाका म्हणावं.”

पुढच्या आठवड्यात नवे ध्वनिमुद्रण तयार झाले. मुलींनी आपापले प्लेयर ओळीने आणून दिले आणि भरून परत नेले. ऋतुजाने आपला हातात घेतला, पडद्यावरची यादी खाली सरकवीत गेली, आणखी खाली, आणखी खाली, आणि तिचे डोळे विस्फारत गेले.

“सर, हे एवढे समदे तास?”

“हो. तुम्ही एकच कान दिलात, म्हणून जागा वाचली. त्या जागेत दयानंद सरांनी आणखी तेवढेच घातले.”

तिने वळून महादेवीकडे पाहिले, महादेवीने तिच्याकडे.

“आधी सांगायचं न्हाई व्हय, सर,” ऋतुजा कळवळून म्हणाली, “दुसरा कान बी दिला असता की आमी!”